इंग्रजी पचवलेला मराठी माणूस

आपल्या वडगावात पहिल्या वर्षाला आलेला प्रत्येकजण एकदा तरी महादजी शिंद्यांचं स्मारक बघून येतो. जानेवारी १७७९ मध्ये याच गावाजवळ मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडीत पकडलं आणि तहावर सही करायला लावली. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १८७९ मध्ये, पुण्याच्या एका शाळामास्तराने इंग्रज सरकारची नोकरी सोडली. त्यांचं नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर. नोकरी सोडून त्यांनी काय काढलं, तर इंग्रजी शाळा! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमतच वाटली होती.

खरं सांगायचं तर मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. दहावीपर्यंत मराठी हा पास होण्यापुरता विषय. माझी रूम पार्टनर मराठी माध्यमातली. गणितं माझीसुद्धा तीच सोडवून देते. पण गेल्या सेमिस्टरच्या ओरलला प्रश्न इंग्रजीत आला आणि उत्तर येत असूनही तिचं तोंड उघडेना. मी अर्धंमुर्धं चुकीचं उत्तर फाडफाड इंग्रजीत ठोकून दिलं आणि मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. त्या रात्री ती मेसला आली नाही. बॅग भरत होती. ‘हे शिक्षण आपल्यासाठी नाहीच’ असं तिच्या मनाने घेतलं होतं. मला काय बोलावं ते सुचेना. म्हणून मित्रमैत्रिणींनो, विष्णुशास्त्र्यांची ही गोष्ट.

त्यांचा जन्म २० मे १८५० चा, पुण्यातला. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींत मुरलेले पंडित. अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी त्यांनीच मराठीत आणल्या. घरात पुस्तकांचा खजिना, त्यामुळे मुलाला वाचनाचं वेडच लागलं. पुढे डेक्कन कॉलेजात विष्णुशास्त्र्यांनी इंग्रजी ग्रंथांचा फडशा पाडला. डॉ. जॉन्सन आणि मेकॉले हे त्यांचे आवडते लेखक. जॉन्सनच्या ‘रासेलस’चं भाषांतर वडिलांनी सुरू केलं होतं, ते मुलाने पुरं केलं. १८७२ मध्ये ते बी. ए. झाले आणि सरकारी शाळेत शिक्षक म्हणून लागले.

त्या काळी बी. ए. झालेला माणूस म्हणजे मोठं प्रस्थ. इंग्रजीत बोलायचं, इंग्रजीत लिहायचं आणि मराठीकडे नाक मुरडायचं, अशी नव्या शिकलेल्यांची तऱ्हा होती. (आपल्याकडे फार बदललंय असं नाही!) विष्णुशास्त्र्यांना हे सहन होईना. त्यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं आणि पहिल्याच निबंधाला विषय घेतला मराठी भाषेच्या स्थितीचा. सात वर्षांत मालेचे ८४ अंक निघाले, आणि ते जवळजवळ एकहाती! आपल्याला वर्षातून एकदा मासिकाचा हा एक विभाग भरताना नाकी नऊ येतात, त्यावरून कल्पना करा.

आता खरी मेख इथे आहे. इंग्रजीशी त्यांचं भांडण नव्हतं. निबंधमालेत त्यांनी मोरोपंतांवर लिहिलं, तसंच जॉन्सनवर आणि इंग्रजी भाषेवरही लिहिलं. मुद्दा मांडायचा, त्याची फोड करायची, समोरच्याचं म्हणणं खोडायचं, लांब वाक्य तोल न जाऊ देता शेवटाला न्यायचं, हे ते इंग्रजी निबंधकारांकडून शिकले. पण ते सगळं त्यांनी मराठीत उतरवलं. इंग्रजी नुसती पाठ केली नाही, पचवली. म्हणून तर त्यांना मराठी भाषेचे शिवाजी म्हणतात.

त्यांची लेखणी सरकारला फारशी मानवणारी नव्हती. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली. शेवटी त्यांनी राजीनामाच दिला. बांधलेला पगार गेला, वडीलही १८७८ मध्येच वारले होते. तरीही १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. बरोबर होते टिळक आणि नामजोशी, पुढे वामन शिवराम आपटे आणि आगरकरही आले. इंग्रजी विद्या सरकारच्या किंवा मिशनच्या दारातूनच मिळावी असं का, ती आपल्या माणसांनी आपल्या पोरांना का शिकवू नये, हा त्यामागचा विचार. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रं काढली. ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत. आपल्या माणसांना जागं करायचं ते मराठीतून, आणि राज्यकर्त्यांना ऐकवायचं ते त्यांच्याच भाषेत. दोन्ही हत्यारं हातात!

त्यांचं सगळंच पटतं असं मात्र नाही. जोतीराव फुले आणि लोकहितवादी यांच्यावर त्यांनी फार बोचरी टीका केली. ज्यांच्या घरात पुस्तकच नव्हतं, ज्यांना शाळेचं दार बंद होतं, त्यांचं दुःख त्यांना दिसलं नाही. फुल्यांना ते दिसलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. भाषा कितीही चांगली असली, तरी ती कोणापर्यंत पोहोचते हा प्रश्न उरतोच. आमच्या रूमवरच्या त्या रात्रीचाही प्रश्न तोच होता.

१७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री गेले. वय पुरतं बत्तीससुद्धा नव्हतं. त्यांच्या सोबत्यांनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं केलं. निबंधमालेतला शेवटचा निबंध, आमच्या देशाच्या स्थितीवरचा, पुढे सरकारने जप्त केला. लेखक जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी सरकारला त्याच्या मराठीची भीती वाटत होती!

ही गोष्ट मी रूम पार्टनरला सांगितली. ती म्हणाली, ‘ते शास्त्री होते गं, त्यांच्या घरात पुस्तकं होती.’ बरोबर आहे तिचं. मग आम्ही एक तह केला. वडगावचाच म्हणा! रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास ती मला गणित शिकवते, मराठीत. पुढचा अर्धा तास तेच गणित ती मला समजावते, इंग्रजीत. चुकली तरी हसायचं नाही, ही अट. बॅग अजून कॉटखाली आहे, पण रिकामी. आणि हा लेख तिने तपासून दिलाय. ऱ्हस्व-दीर्घाच्या तेवीस चुका निघाल्या. ती हसली, पण ती अट फक्त गणिताला होती म्हणे!