चक शुल्डिनर

चार्ल्स मायकेल शुल्डिनर ऊर्फ चक शुल्डिनर (१३ मे, १९६७:लाँग आयलंड, न्यू यॉर्क, अमेरिका - १३ डिसेंबर, २००१:फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकन गिटारवादक, गायक व गीतकार होते. 'डेथ' या बँडचे ते संस्थापक होते. डेथ मेटल या संगीतप्रकाराच्या जडणघडणीत आणि पुढे त्याला प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वळणावर नेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

प्रारंभिक जीवन

शुल्डिनर यांचे आईवडील शिक्षक होते. चक लहान असतानाच हे कुटुंब फ्लोरिडात स्थायिक झाले. थोरला भाऊ फ्रँक वयाच्या १६व्या वर्षी अपघातात मृत्यू पावला. या दुःखातून मन बाहेर यावे म्हणून आईवडिलांनी नऊ वर्षांच्या चकना गिटार आणून दिली. शास्त्रीय गिटारची शिकवणी त्यांना रुचली नाही व ती वर्षभराच्या आतच सुटली. इलेक्ट्रिक गिटार मात्र ते स्वतःच्या प्रयत्नांनी शिकले. संगीतासाठी त्यांनी शाळा अर्धवट सोडली; या निर्णयाची त्यांना पुढे खंत वाटत असे.

कारकीर्द

१९८३ मध्ये त्यांनी 'मॅन्टास' हा बँड स्थापन केला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव 'डेथ' झाले. या बँडच्या ध्वनिफिती चाहत्यांमध्ये टपालाने हातोहाती फिरत. 'स्क्रीम ब्लडी गोर' (१९८७) या पहिल्या अल्बममध्ये गायन, गिटार व बेस हे तिन्ही शुल्डिनर यांचेच होते. त्यातील गीतांचे विषय भयपटांतून आलेले होते. 'स्पिरिच्युअल हीलिंग' (१९९०) पासून त्यांची लेखणी सामाजिक प्रश्नांकडे वळली.

१९९० मध्ये युरोप दौऱ्याच्या तोंडावर त्यांनी जाण्यास नकार दिला. सहकारी त्यांच्याविनाच दौऱ्यावर गेले आणि संबंध तुटले. यानंतर जवळजवळ प्रत्येक अल्बमसाठी त्यांनी नवे वादक निवडले. 'ह्यूमन' (१९९१) मध्ये 'सिनिक' बँडचे पॉल मास्विडाल व शॉन राइनर्ट आणि बेसवादक स्टीव्ह डिजॉर्जिओ होते. बदलते ताल, जॅझची छाया आणि अंतर्मुख आशय यांमुळे हा अल्बम आधीच्या तिन्हींहून वेगळा ठरला. 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) व 'सिम्बॉलिक' (१९९५) मध्ये हीच वाट पुढे गेली.

'सिम्बॉलिक'नंतर शुल्डिनर यांनी 'कंट्रोल डिनाइड' हा नवा बँड उभारला. डेथचा शेवटचा स्टुडिओ अल्बम 'द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स' १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 'व्हॉइस ऑफ द सोल' ही ड्रमविरहित वाद्यरचना त्यांच्या सुरेल गिटारवादनाचा उत्तम नमुना मानली जाते. कंट्रोल डिनाइडच्या 'द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स' (१९९९) मध्ये त्यांनी गायन टिम एमार यांच्याकडे सोपवले व स्वतः केवळ गिटार वाजवली. येथे डेथ मेटलमधील घोगरा स्वर मागे पडून सुरेल गायन आले.

आजारपण व मृत्यू

मानदुखीच्या तपासणीत त्यांच्या मेंदूत गाठ आढळली. निदानाचा दिवस त्यांचा ३२वा वाढदिवस होता. त्यांच्याकडे आरोग्यविमा नव्हता. उपचारांच्या खर्चासाठी चाहते व वादकांनी कार्यक्रम करून निधी जमवला. जानेवारी २००० मध्ये शस्त्रक्रिया झाली. तथापि २००१ मध्ये आजार पुन्हा बळावला. कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम अपूर्ण ठेवून १३ डिसेंबर, २००१ रोजी वयाच्या ३४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

शुल्डिनर यांना अनेकदा 'डेथ मेटलचे जनक' म्हटले जाते. ते स्वतः हा मान नाकारीत आणि 'पझेस्ड' या बँडला त्याचे श्रेय देत. तांत्रिक व प्रोग्रेसिव्ह मेटलच्या नंतरच्या अनेक वादकांवर त्यांचा प्रभाव आहे.