डॉ. आंबेडकरांची शिष्यवृत्ती

डॉ. भीमराव आंबेडकर यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातील आंबडवे. जन्म १८९१ साली महू येथे. ते बडोदे संस्थानचे रहिवासी नव्हते. तथापि केळुसकर गुरुजींनी या गरीब विद्यार्थ्याची अडचण सांगताच श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांस बी. ए. साठी दरमहा २५ रुपये दिले व १९१३ साली अमेरिकेस पाठविले. अट होती ती दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची.

१९१७ साली मुदत सरली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते कराराप्रमाणे बडोद्यास गेले. परंतु राहणार कोठले हे न पाहता ज्या राज्याने पैसा दिला, त्याच्याच राजधानीत अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना! आम्हांस याचा विषाद वाटतो. नोकरी सुटली. पुढे बचत, मित्राचे कर्ज व शाहू छत्रपतींचे साह्य यांवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.