रे. नारायण वामन टिळक : आपल्याच अंगणातला ख्रिस्तशिष्य

रविवारची उपासना आटोपून आपण घरी येतो, आणि मग आठवड्याचे सहा दिवस ज्यांच्या संगतीत काढतो ते बहुतेक सारे अन्य धर्माचे लोक असतात. त्यांच्याशी आपला पाण्याचा, दुधाचा, कामाचा आणि सुखदुःखाचा व्यवहार असतो. तेथे ख्रिस्ती म्हणून राहावे कसे? फार वेगळे राहिलो तर परके ठरतो. फार मिसळलो तर प्रभूची ओळख आपल्या वागण्यात दिसेनाशी होते.

बऱ्हाणपुरातील आमच्या सिंधीपुऱ्यात हा प्रश्न अधिकच जाणवतो. सोळाव्या शतकात सिंध प्रांतातून येऊन येथे स्थायिक झालेल्या लोकांवरून या वस्तीला हे नाव पडले. दूरदेशाहून आलेली माणसे काही पिढ्यांत येथलीच झाली. उलट, वाडवडिलांपासून याच मातीत वाढलेला मनुष्य ख्रिस्ताचा झाला, की लोक त्याला परका समजू लागतात. आणि दुःखाची गोष्ट ही, की कधी कधी तो स्वतःही तसे समजू लागतो.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जपानात ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास आहेत. तेथे पुष्कळ घरांत पूर्वजांचे देवघर असते. त्यापुढे हात जोडावे की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती सुनेला सासरी सोडवावा लागतो. उचिमुरा कान्झो नावाचे एक थोर जपानी ख्रिस्ती शिक्षक १८६१ साली जन्मले. १८९१ मध्ये तोकियोच्या शाळेत बादशहाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे त्यांनी पुरेसे लवून नमन केले नाही, एवढ्यावरून त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका आला आणि नोकरी गेली. तरी येशू आणि जपान या दोहोंवर आपले सारखेच प्रेम आहे, हे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

त्याच १८६१ सालच्या डिसेंबर महिन्याच्या ६ तारखेस रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. उचिमुरांपुढे जो प्रश्न जपानात उभा राहिला, तोच टिळकांपुढे महाराष्ट्रात उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी व्याख्यानांपेक्षा आपल्या संसारातून दिले, म्हणून त्यांचे चरित्र आज पुन्हा आठवणे उपयोगाचे आहे.

टिळकांचे शिक्षण कल्याण व नाशिक येथे झाले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. वय अवघे ११ वर्षांचे होते. टिळक बुद्धीने तेजस्वी, पण स्वभावाने अस्थिर व तापट. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी आणखी काही, अशी त्यांची भ्रमंती चाले. हाती आलेला पैसा गरजूला देऊन ते रिकाम्या हाताने घरी येत, आणि चूल कशी पेटवावी याची चिंता लक्ष्मीबाईंनी करावी!

पुढे नागपुरात असताना ते नोकरीच्या शोधात १८९३ साली आगगाडीने राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. काव्य व धर्म यांवर गोष्टी झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. अभ्यासक या गृहस्थाचे नाव अर्नेस्ट वॉर्ड असे देतात. फ्री मेथडिस्ट पंथाचे हे वॉर्ड पतिपत्नी १८८१ साली अमेरिकेतून भारतात आले, आणि त्यांच्या कामाचा आरंभ झाला तो आपल्या बऱ्हाणपुरात! पेरणारा एका शेतात घाम गाळतो आणि पीक भलत्याच शेतात डोलते, हे देवाचे करणे आहे.

टिळकांनी ते पुस्तक वाचले. डोंगरावरील प्रवचनाशी येताच त्यांचे मन थांबले. दीड-दोन वर्षे मनात झगडा चालला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढचा भाग आपण नेहमी घाईने वाचतो. टिळकांना तारणारा भेटला. पण लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. त्या माहेरच्या माणसांत होत्या. मांडीवर लहानगा दत्तू होता. ही वार्ता त्यांच्यावर आकाश कोसळावे तशी कोसळली. जिवंत पतीपासून दूर राहायचे आणि लोकांच्या नजरा सोसायच्या, अशी सुमारे साडेचार-पाच वर्षे त्यांनी काढली. एका मनुष्याच्या विश्वासाची किंमत पुष्कळदा घरातील दुसरा मनुष्य भरत असतो. आपल्या मंडळ्यांत साक्ष देताना या दुसऱ्या मनुष्याची आठवण किती जण ठेवतात?

टिळकांनी मात्र या काळात दुसरा विवाह केला नाही, की बायकोचा नाद सोडला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आता या शहराचे नाव अहिल्यानगर आहे) त्यांच्याकडे आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. एवढ्या तापट माणसाने येथे धीर धरला, हाच मला त्यांच्या चरित्रातील मोठा चमत्कार वाटतो. हळूहळू लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की देवाने निर्माण केलेल्या माणसांच्या हातच्या पाण्याने मी कशी विटाळेन? जातीची गाठ त्यांच्या मनातूनच सुटली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. वादविवादाने जे झाले नसते ते एका स्वयंपाकघरात धीराने झाले.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी मराठीपण टाकले नाही. आपल्या उपासनेत त्या काळी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. शब्द मराठी, पण मन त्यात रमेना. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन या आपल्या घरच्या वाटा प्रभूच्या सेवेस लावल्या. तुकोबांच्या वाणीचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने मानीत. शेतावरच्या बाईला जात्यावर गाता येईल असे गीत त्यांनी तिला दिले. आज ख्रिस्ती मराठी घरांत लग्नात, मरणात आणि सायंप्रार्थनेत जी गीते म्हटली जातात त्यांतील कितीतरी त्यांचीच आहेत.

हिंदू साहित्यिकांनीही त्यांना आपले मानले. फुलामुलांचे कवी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले, त्यात ते पुढे होते. खानदेशातील तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले, आणि त्यामुळे टिळक पतिपत्नींची माया रतीभरही उणी झाली नाही. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. त्या लेखणीतूनही देशप्रेम आणि ख्रिस्तप्रेम यांत वैर नाही, हेच ते सांगत आले.

तरीही त्यांना एक शल्य होते. मिशनचा पगार घेणारा मनुष्य पोटासाठी धर्म सांगतो, असे शेजाऱ्यांना वाटते. आणि पुष्कळ जण ख्रिस्तावर प्रेम करूनही परकेपणाच्या भीतीने दाराबाहेरच थांबतात. म्हणून १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तेथे भावंडांप्रमाणे एकत्र यावेत, असा हेतू होता. जपानात उचिमुरांनीही परदेशी पंथांच्या चौकटीबाहेर शास्त्राभ्यासाची मंडळे उभी केली होती. या मार्गांविषयी मतभेद असू शकतात, आणि टिळकांच्या मित्रांतही ते होते. पण दारात थांबलेल्या माणसाची काळजी त्या मार्गामागे होती, हे विसरू नये.

दरबाराला पुरता आकार येण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले व अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. मरणातही त्यांना आपल्या लोकांची रीत परकी वाटली नाही. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पुरे केले. जी मुलगी विवाहानंतर नवऱ्याकडून लिहावाचायला शिकली, तिनेच ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला एक अमोल आत्मचरित्र दिले. पतीचे गुण आणि दोष तिने त्यात सारख्याच प्रेमाने सांगितले आहेत. १९३६ साली त्याही प्रभूकडे गेल्या.

वाचक बंधुभगिनींनो, टिळक निर्दोष नव्हते. पण शेजाऱ्यांपासून तुटून ख्रिस्ताचे होता येते, असे त्यांनी कधी मानले नाही. आणि शेजाऱ्यांना बरे वाटावे म्हणून ख्रिस्ताला झाकलेही नाही. खमीर पिठात मिसळते तेव्हाच ते आपले काम करते. आपल्या गल्लीत कोणाच्या घरी मरण आले तर आपण खांदा द्यायला जातो का? सणाच्या दिवशी शेजाऱ्याचे मूल दारात आले तर त्याच्या हातावर काही ठेवतो का? घरातील जो अजून आपल्याबरोबर प्रार्थनेला बसत नाही, त्याच्यासाठी टिळकांइतका धीर आपल्याजवळ आहे का? येत्या सोमवारी सकाळी या प्रश्नांची उत्तरे आपल्याला द्यावयाची आहेत. ती देण्यास प्रभू आपणांस साहाय्य करो.