दोन डोसांमधले दिवस आणि गाडगेबाबांची धर्मशाळा

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील कर्करुग्ण माळशेज घाट उतरून मुंबईच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा औषधोपचाराइतकाच मुक्कामाचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. केमोथेरपीचा डोस काही तासांत पूर्ण होतो. पुढचा डोस मात्र अनेकदा 21 दिवसांनी असतो. मधले दिवस कोठे आणि कसे काढावयाचे? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने आजवर असंख्य कर्करुग्णांना या काळात आसरा दिला आहे. या आसऱ्यामागे एका विलक्षण आयुष्याची प्रेरणा आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर गेले. आई सखुबाईंनी मुलासह दापुरीला माहेरचा आश्रय घेतला. तेथे मामांच्या घरी गुरे राखत आणि शेतात राबत डेबूजी वाढले. सावकारी कर्ज शेतकऱ्याचे घर कसे पोखरते, हे त्यांनी याच घरात पाहिले. पुढे कुंताबाईंशी विवाह झाला, मुले झाली. परंतु 1905 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जेवणासाठी मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून मने झाडावीत, हा त्यांचा परिपाठ. नवस, पशुबळी, अस्पृश्यता, दारू आणि कर्ज काढून केलेले सणवार यांवर ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारून कठोर प्रहार करीत.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र कोठेही घर केले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेस सुपूर्द केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्यांचे हाल पाहून, रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधली. यात्रेकरूंसाठी सुरू झालेले काम अशा रीतीने रुग्णांच्या दारी आले. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. दादरची धर्मशाळा ही त्यांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांनी चालविलेली त्याच विचाराची पुढची पायरी होय.

बाबांची स्वच्छतेची शिकवण कर्करुग्णाच्या बाबतीत अक्षरशः जीवनमरणाची ठरते. डोस घेतल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी बऱ्याच घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. वारंवार हात धुणे, उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या आणि गर्दीपासून दूर राहणे, ही पथ्ये त्यासाठीच असतात. आपल्या खेड्यांत आजाऱ्याला भेटण्यासाठी घर भरून पाहुणे येतात. त्यांची माया खरी असली, तरी सर्दी-खोकला असलेल्यांनी भेट पुढे ढकलणे हीच या दिवसांतील माया. झेपेल तेवढे चालावे, थकवा आल्यास विश्रांती घ्यावी. तोंडाची चव गेली, तर थोडे थोडे पण वरचेवर खावे.

ताप 100.4 अंशांवर गेल्यास सकाळची वाट पाहू नये. उपचार करणाऱ्या रुग्णालयाला ताबडतोब कळवावे. गावी असल्यास मंचर, घोडेगाव, नारायणगाव किंवा जुन्नर येथील जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे आणि केमोथेरपी सुरू असल्याचे तेथे प्रथम सांगावे. अंगारा-धुपारा किंवा कोणी सुचविलेला काढा यांवर विसंबून पुढचा डोस चुकवू नये. नवस-बळीवर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्या बाबांचे नाव घेणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

बाबांच्या नावाने अमरावतीचे विद्यापीठ आहे, राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान आहे. पण दोन डोसांच्या मधल्या रात्री फुटपाथऐवजी स्वच्छ अंथरुणावर निजलेला रुग्ण, हे त्यांचे सर्वांत बोलके स्मारक म्हणावे लागेल.