राजाला कैद करून संसद भरवणारा सायमन
सायमन द मॉन्टफर्ट जन्माने फ्रेंच. १२३८ मध्ये त्याने इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या बहिणीशी लग्न केलं. पुढे राजाचा खर्च आणि कारभार यांवरून दोघांचं फाटलं. १२६४ मध्ये लुईसच्या लढाईत सायमनने थेट मेहुण्यालाच कैद केलं!

पण सरदारांचा पाठिंबा गळत होता. म्हणून जानेवारी १२६५ च्या संसदेत त्याने परगण्यांसोबत शहरांचेही प्रतिनिधी बोलावले. लोकशाहीचं प्रेम कमी, गरजच जास्त. लेस्टरमधून ज्यूंना हाकलणाराही हाच.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला राजपुत्र एडवर्डच्या सैन्याने एव्हशामला त्याला मारलं, मृतदेहाचे तुकडे केले. पुढे राजा झालेल्या याच एडवर्डने १२९५ च्या संसदेला शहरांचे प्रतिनिधी बोलावले.