लक्ष्मीबाईंची चूल



उपवासकाळ आला की आपल्या येडगावात शुक्रवारी घरोघर मासवडीचा बेत होतो. नावात मासा, ताटात मात्र बेसन, तीळ, सुके खोबरे आणि लसूण. पाहुण्या धर्मगुरूंना आम्ही ही गंमत दरवर्षी सांगतो आणि तेही दरवर्षी हसतात. मागच्या शुक्रवारी धरणाच्या बाजूच्या एका घरी मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी जेवताना आम्हाला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. २४ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन. म्हणून या रविवारी त्यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत. लक्ष्मीबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतल्या नव्हत्या, त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतल्या. पण मराठी बोलणाऱ्या सगळ्याच ख्रिस्ती लोकांच्या त्या आजी लागतात, असे आम्ही मानतो.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरचा. नारायणगावावरून जाणारा आपला हमरस्ता पुढे नाशिकलाच पोचतो, म्हणजे हे सारे फार लांबचे नाही. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात मनू. आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले होते. मनूच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले होते. वेडच म्हणायचे, कारण बाजारातून आलेले धान्य तर धुवायचेच, पण मीठसुद्धा धुवायचे! आता मीठ धुतल्यावर हातात काय उरते, हे आपल्या घरच्या बायकांना सांगायला नको. अशा घरात मुलीने काय शिवावे, काय शिवू नये, कुठे उभे राहावे, याच धाकात त्यांचे लहानपण गेले. पुढे म्हातारपणी त्यांनी हे सगळे लिहिले ते मात्र हसत हसत. वडिलांवर राग धरलेला नाही, स्वतःची कीव केलेली नाही.

अकराव्या वर्षी लग्न झाले आणि मनूची लक्ष्मी झाली, कारण नवऱ्याचे नाव नारायण. नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, संस्कृतचे जाणकार आणि संसाराच्या बाबतीत अगदी अजाण. आज इथे नोकरी, उद्या तिथे. कधी न सांगता घरातून निघून जायचे. हातात पैसा आला की तो घरी पोचण्याआधी कुणा गरजवंताच्या हाती पडायचा. असा नवरा संत असतो हे खरे, पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईला त्या संतपणाचा हिशेब रोज मांडावा लागतो. टिळकांचे चरित्र सांगणारे हा हिशेब सहसा सोडून देतात. लक्ष्मीबाईंनी तो सोडला नाही, आणि तरीही पुस्तकभर नवऱ्यावरचे प्रेम कुठे कमी होत नाही. एक मात्र टिळकांनी केले. बायकोला लिहायवाचायला शिकवले.

१८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. ते त्यांनी वाचले, डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मिस्सेत आपण त्यांची भजने गातो तेव्हा हा दिवस आपल्याला आनंदाचा वाटतो. पण त्या दिवसाची दुसरी बाजूही पाहू या. तिकडे माहेरी असलेल्या लक्ष्मीबाईंवर ही बातमी येऊन आदळली. नवरा जिवंत, पण त्याच्या घरात पाऊल टाकता येत नाही. पदरी दत्तू, तीन-चार वर्षांचा. लोकांची बोलणी वेगळीच. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. प्रभूच्या हाकेला एकाने उत्तर दिले की त्याची किंमत घरातल्या दुसऱ्याला मोजावी लागते, हे आम्ही धर्मगुरू लोक प्रवचनात फारसे बोलत नाही.

शेवटी त्या नवऱ्याकडे आल्या. तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. आळेफाट्यावर एसटी धरली की आपण ज्या गावी जातो तेच ते. पण आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याच्या शेजारी एक ब्राह्मण बाई आपला स्वयंपाक जपून करते आहे, असा तो संसार. टिळकांनी याबाबत जबरदस्ती केली नाही. हट्टी स्वभावाच्या माणसाने एवढे सबुरीने घ्यावे, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

मग हळूहळू त्यांच्या मनात एक विचार शिरला. झाडे, जनावरे, माणसे देवाने केली, ते दिसतेच आहे. पण माणसामाणसातली ही उतरंड देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर तिची काही खूण अंगावर दिसायला हवी होती. ती तर कुठेच दिसत नाही. असे मनाशी पक्के झाल्यावर त्यांनी वेगळ्या चुलीला आणि वेगळ्या पाण्याला रजा दिली. कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. हे झाले बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. आधी पाणी प्यायले आणि मग पाण्याने स्नान झाले, असे आम्ही कधीकधी गमतीने म्हणतो.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. वस्तूचे सार कोणते आणि तिचे बाह्य गुण कोणते, हा भेद ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस यांच्याकडून पाठ केला, परीक्षेत गुणही बरे मिळवले. पुढे नव्याने धर्मगुरू झालो तेव्हा एका खेड्यात (येडगावात नव्हे) घरे आशीर्वादित करत फिरत होतो. शेवटचे घर वस्तीच्या टोकाला होते. त्या बाईने आमच्यासाठी जेवण करून ठेवले होते. आम्ही पोट बिघडल्याचे सांगितले आणि फक्त प्रार्थना करून निघालो. पोट ठणठणीत होते. त्याच दुपारी दुसऱ्या एका मोठ्या घरी आम्ही व्यवस्थित जेवलो आणि ते त्या वस्तीत कळल्याशिवाय राहिले नाही. त्या बाईने पुढे मिस्सेला येणे सोडले नाही, तक्रारही केली नाही. फक्त पुन्हा कधी जेवायला बोलावले नाही. त्याच वर्षी आम्ही लक्ष्मीबाईंचे पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचले, आणि सोवळे सोडण्याचा भाग आला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

लक्ष्मीबाईंची ती चूल नंतर किती माणसांना पुरली याचा हिशेब नाही. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला, प्लेगच्या साथी आल्या. उघड्यावर पडलेली मुले त्यांच्या घरात आली, वाढली. प्लेगच्या रुग्णांची त्यांनी सेवा केली, जिथे सख्खे नातेवाईक जवळ जायला धजत नव्हते तिथे. आणि अशा भरल्या घरात कवींचीही ये-जा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले. हा मुलगा हिंदू, हळवा, लहरी. लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड केले आणि त्याला रागावल्याही, जशी आई रागावते. निसर्गावर अशा सुंदर कविता लिहिणारा हा कवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली गेला. त्याच्याविषयी लक्ष्मीबाईंनी जे लिहिले आहे ते वाचताना घास घशाखाली उतरत नाही.

टिळक १९१९ साली मुंबईत वारले. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी घेतले होते, ख्रिस्तायन नावाने. ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांनी ते काम हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. नवऱ्याने अर्धवट सोडलेली कामे पुरी करण्याची त्यांना सवयच होती म्हणा!

मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानगा दत्तू, याच्या कुटुंबाबरोबर त्या काही काळ कराचीलाही राहिल्या. त्यानेच आईला आठवणी लिहायला लावले. त्या स्मृतिचित्रे या नावाने १९३४ पासून चार भागांत निघाल्या. बाईने ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तशी भाषा. एकही वाक्य सजवलेले नाही, फजितीही लपवलेली नाही. पंडितांनी आधी नाके मुरडावीत असे ते लिखाण, पण त्यांनीच ते डोक्यावर घेतले. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, २०१७ साली शांता गोखले यांनी नव्याने केले. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना तो आठवत असेल. चौथा भाग पुरा होण्याआधीच, १९३६ साली लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. राहिलेले मुलाने लिहून काढले.

स्मृतिचित्रेची एक प्रत आमच्या निवासात आहे. मिस्सेनंतर येऊन न्यावी, कपाटाजवळच्या वहीत नाव लिहावे. मागच्या वेळी ज्या भगिनीने नेली तिने ती स्वयंपाक करता करता वाचली असावी, कारण बालकवींच्या पानावर हळदीची बोटे उमटली आहेत. तिने प्रत परत करताना फार संकोचाने माफी मागितली. आम्ही तिला सांगितले की धुऊ नका, राहू द्या.