सालारजंग आणि त्यांचा संग्रह

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. १९४८ पर्यंत हट्टा, वसमत, हिंगोली, परभणी हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मराठवाड्यातील लोकांचा हैदराबादशी जुना संबंध आहे. आजही येथील अनेक कुटुंबे हैदराबादला जातात. चारमिनार पाहतात, मक्का मशीद पाहतात आणि मग मुसी नदीच्या काठावरील एका मोठ्या इमारतीत शिरतात. तेथे जगभरातील हजारो वस्तू मांडून ठेवल्या आहेत. या संग्रहालयाचे नाव आहे सालारजंग संग्रहालय.

या संग्रहालयातील बहुतेक वस्तू एकाच माणसाने जमवल्या, हे ऐकून आश्चर्य वाटते. त्या माणसाचे नाव मीर यूसुफ अली खान. लोक त्यांना तिसरे सालारजंग म्हणून ओळखतात.

यूसुफ अली खान यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. त्यांचे आजोबा मीर तुराब अली खान म्हणजे पहिले सालारजंग. ते १८५३ पासून १८८३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, हैदराबादचे दिवाण होते. संस्थानाचे जिल्हे पाडून कारभाराला शिस्त लावण्याचे मोठे काम त्यांनी केले. यूसुफ अली खान यांचे वडील मीर लायक अली खान हेही दिवाण होते. पण बाळाला वडिलांचा सहवास लाभला नाही. बाळ एक महिन्याचेही झाले नव्हते, तोच वडील वारले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या मुलाच्या पालनपोषणाकडे लक्ष दिले.

दिवाणांच्या वाड्याला दिवाण देवडी म्हणत. या देवडीत आजोबांनी आणि वडिलांनी जमवलेल्या अनेक सुंदर वस्तू होत्या. त्यांत एक संगमरवरी पुतळा होता. आजोबांनी तो १८७६ मध्ये इटलीतील रोम शहरात विकत घेतला होता. बेंझोनी नावाच्या शिल्पकाराने तो घडवला होता. पुतळ्यातील स्त्रीच्या चेहऱ्यावर पातळ बुरखा आहे. बुरखाही दगडाचाच आहे. पण त्यातून तिचा चेहरा दिसतो, असा भास होतो. ज्या मुलाने वडिलांना पाहिले नाही, त्याच्यासाठी वाडवडिलांच्या हातच्या या वस्तू घरातच होत्या.

१९१२ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी यूसुफ अली खान यांना दिवाण नेमले. तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षे होते. आजोबांची आणि वडिलांची खुर्ची त्यांना मिळाली. पण १९१४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पंचवीस वर्षांच्या तरुणापुढे आता सारे आयुष्य होते, मोठी जहागीर होती, अमाप पैसा होता. पण काम नव्हते. अशा वेळी अनेक श्रीमंत माणसे ऐषआरामात दिवस घालवतात. यूसुफ अली खान यांनी वेगळा मार्ग निवडला. जगातील सुंदर आणि दुर्मिळ वस्तू जमवायच्या, असे त्यांनी ठरवले. पुढे पस्तीस वर्षे, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, त्यांनी हेच काम केले.

ते स्वतः परदेशात जाऊन वस्तू खरेदी करत. शिवाय देशोदेशीचे व्यापारी वस्तू घेऊन देवडीत येत. कोणी जुनी तलवार आणी, कोणी चिनी मातीची भांडी आणी, तर कोणी हस्तलिखित कुराण आणी. ते वस्तू निरखून पाहत आणि पसंत पडली की ठेवून घेत. मोगल बादशहा जहांगीर यांचा खंजीर आणि नूरजहान यांचा फळे कापण्याचा चाकू त्यांच्या संग्रहात आहे. कुराण ठेवण्याच्या घडीच्या चौकटीला आपण रेहल म्हणतो. आपल्या घरची रेहल लाकडाची असते. या संग्रहात हिरवट रंगाच्या मौल्यवान दगडाची रेहल आहे. अरबी, फारसी आणि उर्दू भाषांतील हजारो हस्तलिखितेही येथे आहेत. कवी आणि लेखक यांनाही सालारजंग मदत करत.

पण त्यांनी केवळ राजांच्या आणि बादशहांच्या वस्तू जमवल्या असत्या, तर हा संग्रह इतका निराळा झाला नसता. त्यांनी रोजच्या वापरातील वस्तूही तितक्याच आवडीने जमवल्या. हातात धरायच्या काठ्या, घड्याळे, अत्तरदाण्या, पानदाने, ताटे, पेले, खुर्च्या आणि लहान मुलांची खेळणीसुद्धा! त्यांनी लग्न केले नव्हते. देवडीत त्यांचे स्वतःचे मूल खेळत नव्हते. तरीही शिशाचे छोटे शिपाई आणि खेळण्यातील आगगाड्या त्यांनी जपून ठेवल्या.

रोजच्या वापरातील वस्तू कशाला जमवायच्या, असा प्रश्न काही लोकांना पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडा वेळ इजिप्त देशात जाऊ. इजिप्तला उर्दूत मिस्र म्हणतात. नील नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वी तेथे मोठी संस्कृती नांदत होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातील लोक तेथे जाऊन सोने, पुतळे आणि ममी शोधत. फुटकी मडकी ते फेकून देत. फ्लिंडर्स पेट्री नावाच्या इंग्रज संशोधकाने मात्र मडक्यांचे तुकडे गोळा केले. मडक्यांचे आकार काळाबरोबर कसे बदलत गेले, हे पाहून कोणती कबर आधीची आणि कोणती नंतरची, हे त्याने ठरवले. सोन्याने जे सांगितले नाही, ते खापराने सांगितले.

ज्या वर्षी पुण्यात यूसुफ अली खान यांचा जन्म झाला, त्याच वर्षी, म्हणजे १८८९ मध्ये, पेट्री इजिप्तमधील काहून येथे खोदकाम करत होता. तेथे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी कामगारांची वस्ती होती. त्या घरांत त्याला विळे, लाकडी अवजारे, चेंडू, भोवरे आणि आपल्या विटीदांडूच्या विटीसारख्या विट्या सापडल्या. त्या मुलांची नावे इतिहासात नाहीत. पण ती मुले काय खेळत होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

पुढे नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या संशोधकाला तुतनखामेन या राजाची कबर सापडली. हा राजा लहानपणी गादीवर आला आणि सुमारे अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मरण पावला. त्याच्या कबरीत पाच हजारांहून अधिक वस्तू होत्या. मृत्यूनंतरच्या जीवनातही माणसाला रोजच्या वस्तू लागतात, असे प्राचीन इजिप्तचे लोक मानत. म्हणून सोन्याच्या मुखवट्याबरोबर तेथे पलंग, खुर्च्या, कपडे, चपला, फळांच्या टोपल्या आणि सुमारे १३० काठ्याही ठेवलेल्या होत्या. काठ्या जमवण्याची आवड किती जुनी आहे, ते पाहा!

या कबरीतील वस्तू बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, असे इजिप्तच्या सरकारने ठरवले. त्यापूर्वी सापडलेल्या वस्तूंचा मोठा वाटा परदेशी लोक घेऊन जात असत. आता इजिप्तचा वारसा इजिप्तमध्येच राहावा, असे तेथील लोकांना वाटू लागले होते. म्हणून सालारजंग संग्रहालयात तुतनखामेनचे जे सिंहासन दिसते, ते मूळ सिंहासन नव्हे. ती त्याची सुंदर प्रतिकृती, म्हणजे नक्कल आहे. मूळ सिंहासन लाकडाचे असून त्यावर सोन्याचा पत्रा मढवलेला आहे. त्याच्या पाठीवर बसलेला राजा आणि त्याच्या अंगाला सुगंधी लेप लावणारी राणी यांचे चित्र आहे. सालारजंग यांच्या संग्रहात इजिप्तच्या अशा अनेक प्रतिकृती आहेत. ज्याला कैरोला जाणे शक्य नाही, त्याला त्या पाहून मूळ वस्तूची कल्पना येते. ही नक्कल आहे, असे प्रामाणिकपणे सांगितले की नकलेचाही उपयोग होतो. हैदराबादमध्ये इजिप्तची खरी ममीही आहे. ती बागे आम येथील राज्य पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती सातव्या निजामांनी दिली.

आता पुन्हा दिवाण देवडीकडे वळू. वस्तू वाढत गेल्या. एकेक दालन भरत गेले. उत्तम वस्तूंच्या शेजारी साध्या वस्तूही येऊन बसल्या. सालारजंग यांचे वय होत चालले होते. त्यांना मूलबाळ नव्हते. आपल्यानंतर या वस्तूंचे काय होणार, हा प्रश्न तसाच होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. जुने जग झपाट्याने बदलू लागले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, २ मार्च १९४९ रोजी, सालारजंग यांचे निधन झाले. हैदराबादमधील दायरा मीर मोमिन येथे त्यांचा दफनविधी झाला. त्याच वर्षी जहागिरी रद्द करणारा कायदाही आला.

देवडीतील हजारो वस्तूंना आता मालक उरला नव्हता. नात्यातील अनेकांनी वारसाहक्क सांगितला. वस्तूंची वाटणी झाली असती, तर तलवार एका घरी, तिचे म्यान दुसऱ्या घरी आणि पुस्तके बाजारात गेली असती. पस्तीस वर्षांत जमलेला संग्रह पाच-सहा वर्षांत विखुरला असता. तसे झाले नाही. सरकारने मालमत्तेची देखभाल करण्यासाठी समिती नेमली. जेम्स कझिन्स या कलासमीक्षकाने वस्तू नीट लावून दिल्या. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय सुरू झाले. पुढे वारसदारांमध्ये समझोता झाला आणि १९५८ मध्ये संग्रह भारत सरकारकडे आला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. १९६८ मध्ये संग्रहालय मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. सालारजंग यांचा पैसा जहागिरीतून येत असे. जहागिरीचे उत्पन्न म्हणजे शेतकऱ्यांनी भरलेला सारा. उन्हातान्हात ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या माणसांनी देवडीची दालने कधी पाहिली नसतील. पण तेथील वस्तूंत त्यांच्या घामाचाही वाटा होता. म्हणूनच हा संग्रह एका घराण्याचा न राहता सर्वांचा झाला, हे योग्यच झाले. आज शेतकऱ्याचा मुलगाही तिकीट काढून आत जातो आणि नवाबाने पाहिलेली वस्तू नवाबाइतक्याच जवळून पाहतो.

संग्रहालयात एक मोठे घड्याळ आहे. दर तासाला त्यातून दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येतो आणि टोले देतो. ते पाहण्यासाठी लहानमोठी माणसे आधीपासून जागा धरून बसतात. त्या गर्दीत उर्दू, तेलुगू, मराठी, हिंदी अशा अनेक भाषा ऐकू येतात. टोले पडू लागले की सारे गप्प होतात.

मुलांनो, संग्रह करण्यासाठी नवाबच असावे लागते, असे नाही. आपल्या घरातही जुना अडकित्ता, पितळेचे पानदान, आजीचे जाते किंवा आजोबांचे उर्दू पत्र असेल. ते कोणाचे होते, कोठून आले, कशासाठी वापरत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माहिती हरवली की वस्तू मुकी होते. मात्र शेतात नांगरताना जुनी नाणी किंवा मूर्ती सापडली, तर ती लपवू नका आणि विकू नका. सापडलेल्या जुन्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा आहे. १९७२ च्या कायद्याने देशातील प्राचीन वस्तू परदेशी नेण्यासही बंदी आहे. इजिप्तने आपला वारसा जपण्याचा जो निश्चय केला, तोच आपल्या देशानेही केला आहे.

तिसऱ्या सालारजंगांनी फार थोडा काळ दिवाणपद सांभाळले. त्या काळातील त्यांचा कारभार आज फारसा कोणाला आठवत नाही. पण त्यांनी जपून ठेवलेली काठी, पेला, पुस्तक आणि खेळण्यातील शिपाई आजही हजारो लोक पाहतात. वडिलांची छायाही न लाभलेल्या या माणसाने मागे मूल ठेवले नाही, तरी त्याच्या दालनांत आज रोज मुलांची गर्दी असते.